सुलतानाचे स्वप्न आणि आमचे कुलूपबंद कपाट

चित्रे असलेले पुस्तक म्हणजे लहान मुलांचे पुस्तक, आणि लहान मुलांचे पुस्तक म्हणजे वेळ घालवण्याचे साधन, असा समज आपल्या समाजात आजही पक्का आहे. मुलगी चित्रकथा घेऊन बसली की घरातले कुणीतरी हमखास म्हणते, "अभ्यासाचं काही वाच." आम्हीही याच समजुतीत वाढलो. उर्दू माध्यमात शिकलो, बी.एड. झाल्यावर उर्दू माध्यमातच शिकवू लागलो आणि तोच समज वर्गात घेऊन गेलो. हा समज मोडला तो एका पातळशा पुस्तकामुळे. ते विज्ञानकथेचे पुस्तक आहे, चित्रांचे आहे, आणि त्याची लेखिका शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची एक परदानशीन मुस्लिम स्त्री आहे. त्या पुस्तकाविषयी, आणि त्याचे आम्ही काय केले त्याविषयी, हा लेख आहे.

बेगम रुकैया सखावत हुसेन यांचे नाव आपल्याकडे स्त्रीशिक्षणाच्या भाषणात कधीतरी येते. त्यांचा जन्म १८८० सालचा, आज बांगलादेशात असलेल्या रंगपूर भागातल्या पायराबंद गावचा. घराणे जमीनदाराचे. मुलींनी अरबी वाचावे, उर्दू चालेल, पण बंगाली आणि इंग्रजी नको, असा घरचा दंडक होता. थोरल्या भावाने रात्री घर झोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात त्यांना इंग्रजी शिकवले. पुढे भागलपूरला अधिकारी असलेल्या सय्यद सखावत हुसेन यांच्याशी निकाह झाला. हे गृहस्थ उर्दूभाषक, वयाने बरेच मोठे, पण पत्नीच्या लिहिण्याला पाठबळ देणारे होते. ते दौऱ्यावर असताना वेळ जावा म्हणून बेगमसाहेबांनी इंग्रजीत एक गोष्ट लिहिली. पतीने ती उभ्या उभ्या वाचून संपवली आणि 'हा तर मोठा सूड आहे' अशा अर्थाचे उद्गार काढले, अशी आठवण सांगितली जाते. 'सुलतानाज ड्रीम' ही ती गोष्ट. १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये ती छापून आली, १९०८ साली कलकत्त्याला पुस्तकरूपाने निघाली आणि पुढे स्वतः लेखिकेनेच ती बंगालीत आणली.

गोष्ट थोडक्यात अशी. सुलताना आरामखुर्चीत हिंदी स्त्रियांच्या स्थितीचा विचार करत पडली आहे. डोळा लागतो की नाही, तिचे तिलाच ठाऊक नाही. तिची मैत्रीण सिस्टर सारा येते आणि तिला बाहेर फिरायला नेते. बाहेर लख्ख दिवस. रस्त्यावर एकही पुरुष नाही. सुलताना बिचकत चालते, तर येणाऱ्या-जाणाऱ्या बाया हसून म्हणतात, ही तर पुरुषांसारखी लाजाळू आहे! या 'लेडीलँड'मध्ये पुरुष घराच्या आत, मर्दान्यात राहतात आणि स्त्रिया कारभार पाहतात. स्वयंपाकघरात धूर नाही, कारण सूर्याच्या उष्णतेवर अन्न शिजते. शेत विजेवर नांगरले जाते. हवेत उडणारी गाडी आहे. एका विद्यापीठाच्या स्त्रियांनी नळ्या लावलेला प्रचंड फुगा आकाशात सोडून ढगांतले पाणी खाली आणले आहे. दुसऱ्या विद्यापीठाने उन्हाची उष्णता साठवण्याचे यंत्र केले आहे. एकवीस वर्षांच्या आत कुणा मुलीचे लग्न होत नाही. कचेरीचे काम दोन तासांत उरकते, कारण पुरुषांचा बराचसा वेळ विडी-सिगारेट ओढण्यात जात असे, असा हिशेब सारा मांडून दाखवते.

१९०५ साली हे लिहिले गेले, याचा नीट विचार करावा. मराठीत स्वतंत्र विज्ञानकथेची सुरुवात सांगताना श्री. बा. रानडे यांच्या 'तारेचे हास्य' या १९१५ सालच्या कथेचे नाव घेतले जाते. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेतून जयंत नारळीकर कथाकार म्हणून पुढे आले ते १९७४ साली. त्याच्या कितीतरी आधी, शाळेची पायरी न चढलेली एक स्त्री सूर्यचूल आणि आकाशातून पाणी आणण्याची योजना लिहून मोकळी झाली होती. मात्र यंत्रे आधी सुचली म्हणून ही कथा मोठी ठरत नाही. ती मोठी आहे ती कार्यकारणामुळे. लेडीलँडची राणी आधी काय करते? फर्मान काढून मुलींच्या शाळा उघडते. बाकी सारे, फुगा, ऊन, उडती गाडी, त्या एका फर्मानातून निघते. आपल्या मुलांच्या हाती पडलेल्या बहुतेक विज्ञानकथांत एखादा एकांडा शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत यंत्र बनवतो. इथे यंत्र शाळेतून येते. शिक्षकाला याहून मोठा सन्मान कोणत्या कथेने दिला आहे?

आता चित्रांकडे येऊ. २००५ साली, म्हणजे कथेला शंभर वर्षे झाली त्या वर्षी, चेन्नईच्या तारा बुक्सने ही गोष्ट दुर्गाबाई व्याम यांच्या चित्रांसह काढली. दुर्गाबाई मध्य प्रदेशातल्या मंडला भागातल्या परधान गोंड चित्रकार. सणावाराला घराच्या भिंतीवर आणि जमिनीवर 'दिगणा' काढण्याची त्यांच्या समाजातल्या बायकांची रीत आहे, तिथूनच त्यांचा हात तयार झाला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका बंगाली मुस्लिम बेगमेचे इंग्रजी स्वप्न एका गोंड बाईने रंगवावे, हा योगच विलक्षण आहे. एकीकडे बंद जनान्यातली लेखणी आणि दुसरीकडे जंगलातल्या गावच्या भिंतीवरचा हात! गोंड चित्रात दूर-जवळ, छाया-प्रकाश यांचा पाश्चात्त्य हिशेब नसतो. माणूस, झाड, पक्षी, यंत्र, सारे सारख्याच निगुतीने बारीक रेघांनी आणि ठिपक्यांनी भरलेले असतात. त्यामुळे लेडीलँड हे लोखंडाचे आणि धुराचे भविष्य वाटत नाही. यंत्र बागेत उगवल्यासारखे वाटते, आणि कथेतही रस्त्यांवर शेवाळ आणि फुलेच आहेत.

कुणी म्हणेल, याला 'ग्राफिक नॉव्हेल' म्हणता येणार नाही. आक्षेप बरोबर आहे. मजकूर एकीकडे, चित्र दुसरीकडे, असे हे सचित्र पुस्तक आहे. पण याच दुर्गाबाईंनी पती सुभाष व्याम यांच्यासह पुढे 'भीमायन' चितारले. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांच्या मजकुरासह २०११ साली निघालेले हे डॉ. आंबेडकरांच्या अनुभवांवरचे चित्रकादंबरीचे पुस्तक महाराष्ट्रातल्या वाचकाने पाहायलाच हवे. त्यात आगगाडी सापासारखी वळवळते. आणि त्यात चौकटी नाहीत. पात्रांना चौकोनी खोक्यांत कोंडायचे नाही, असे चित्रकारांनी ठरवले आणि पानापानांतून दिगण्याच्या नक्षीने कथा वाहती ठेवली. जगात गाजलेल्या विज्ञान-चित्रकादंबऱ्यांत ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची 'वॉचमन' अग्रभागी मानतात. १९८६-८७ मध्ये बारा अंकांत निघालेल्या त्या कथेची बहुतेक पाने नऊ चौकटींच्या जाळीवर उभी आहेत. तिथे ती जाळी शोभते, कारण ती सापळ्यात सापडलेल्या माणसांची गोष्ट आहे. सुलतानाची गोष्ट भिंतीबाहेर पडण्याची आहे. तिला चौकटी घातल्या तर पानावरच पुन्हा जनाना उभा राहील. 'भीमायन' पाहून झाल्यावर 'सुलताना' पुन्हा उघडले, तेव्हा हे आमच्या ध्यानात आले. दुर्गाबाईंच्या चित्रांचे मोल आम्हाला इथे दिसते. त्या कथेला नुसत्या सजवत नाहीत, तिचे म्हणणे हाताने सांगतात.

'वॉचमन'चे नाव काढले ते आणखी एका कारणासाठी. त्याच २००५ साली त्या कादंबरीची थोराड आकाराची, पेटीत घातलेली, संग्राहकांसाठीची आवृत्ती निघाली. कथेत मात्र वर्तमानपत्राच्या स्टॉलजवळ बसून फुकटात कॉमिक वाचणारा एक मुलगा आहे, आणि विकत न घेता वाचतो म्हणून स्टॉलवाला त्याच्यावर कुरकुरतो. त्या मुलाला ती पेटी कधी परवडली असती? चित्रकथेचे असेच होते. आधी ती हातोहात फिरते, चुरगळते, रद्दीत जाते. मग तिला मान मिळतो, आणि मान मिळाला की ती कपाटात जाते.

सुलतानाच्या वाट्यालाही हा मान आला आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या चित्रा गणेश या चित्रकर्तीने २०१८ साली 'सुलतानाज ड्रीम' नावाचा सत्तावीस लिनोकट चित्रांचा संच केला. लिनोलियमच्या पाट्या कोरायच्या, शाई लावायची आणि कागदावर छाप उमटवायचा, अशी ही पद्धत आहे. या बाई आपल्या मुंबईच्या 'अमर चित्र कथा' वाचत मोठ्या झाल्या आणि त्याच चित्रांची उलटतपासणी करणारे 'टेल्स ऑफ ॲम्नेशिया' त्यांनी २००२ साली केले होते. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या त्या मालिकेत आपल्याला रझिया भेटली, अहमदनगरची चांदबीबी भेटली. दोघी शूर, पण दोघी सुलताना. सामान्य घरातल्या मुलीने तलवार कुठून आणावी? बेगम रुकैयांच्या कथेत राणी आहे, पण लढाई जिंकते ती विद्यापीठाची प्राचार्या, दोन हजार विद्यार्थिनी आणि उन्हाची यंत्रे घेऊन. हे चित्र आपल्या मुलींना अधिक जवळचे आहे. चित्रा गणेश यांनी ते आजच्या जगाशी जोडले, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे.

तरीही एक प्रश्न राहतोच. त्या संचाची छायाचित्रे तेवढी आम्ही पाहिली आहेत. मूळ छाप पाहायचे तर संग्रहालयात किंवा संग्राहकाच्या घरी जावे लागेल. छाप ही कला जन्मली ती एका चित्राची अनेक चित्रे करण्यासाठी. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि राजवाड्यातली चित्रे चाळीतल्या भिंतीवर आली. मर्यादित आवृत्तीचा नियम याच्या उलट आहे. ठरलेल्या संख्येवर छापणे थांबवायचे, म्हणजे भाव टिकतो. कलावंतालाही पोट आहे, म्हणून आम्ही याला दोष देत नाही. पण जी गोष्ट सर्व मुलींना शाळेत बसवा असे म्हणते, तिचे रूप मोजक्याच भिंतींवर असावे, ही विसंगती डोळ्यांत सलते.

ही बोटे दुसऱ्याकडे दाखवताना आमच्याकडे किती वळतात, तेही सांगितले पाहिजे. ताराची प्रत आम्ही मुंबईहून विकत आणली. शिक्षकाच्या पगाराला जाणवेल एवढी ती महाग वाटली. घरी आणून तिला प्लॅस्टिकचे कव्हर घातले. वर्गात नेली तेव्हा मुलींना लांबून दाखवली. "हात लावू नका, डाग पडतील," असे म्हणालो आणि तास संपताच कपाटात ठेवून कुलूप लावले. हे बरेच दिवस चालले. शेवटी सातवीतल्या एका मुलीने विचारले, "टीचर, ये किताब परदे में क्यूँ रहती है?" वर्ग हसला. आम्हाला हसू आले नाही. परदा मोडणारे पुस्तक आम्ही स्वतःच परद्यात बसवले होते, आणि त्याला जपणूक असे नाव दिले होते. मुलींच्या बाबतीतही आपण हाच शब्द वापरतो. जी वस्तू मौल्यवान ती आत ठेवायची! मौल्यवान मानणे आणि कोंडणे यांत किती थोडे अंतर आहे, हे त्या दिवशी कळले.

त्यानंतर आम्ही कथा उर्दूत सांगायला घेतली. सिस्टर सारा ही मुलींच्या तोंडी लगेच 'सारा आपा' झाली. चित्रे मात्र त्यांनाच काढायला सांगितली. दुर्गाबाईंची चित्रे आधी दाखवली नाहीत, नंतर दाखवली. उडती गाडी बहुतेकींनी रिक्षासारखी काढली, तीन चाके हवेत. पाण्याच्या फुग्याची नळी थेट मोहल्ल्याच्या नळाला जोडली होती आणि खाली हंडे-कळश्यांची रांगच नव्हती. एकीने पूर काढला आणि फुगा ते पाणी ओढून घेतो आहे असे दाखवले. २६ जुलै २००५ च्या उल्हास आणि वालधुनीच्या पुराच्या गोष्टी तिने घरात ऐकल्या असणार. स्वप्न दुसऱ्याचे असले तरी पाणी आपल्याच नळाचे असते.

आणि कथेतली जी गोष्ट आमच्या नजरेतून सुटली होती, ती आमच्या गावानेच आम्हाला दाखवली. लेडीलँडवर शेजारचा राजा चाल करून येतो तो का? त्याच्या राज्यातून पळून आलेल्या काही माणसांनी लेडीलँडमध्ये आश्रय घेतलेला असतो आणि राणी त्यांना परत करायला नकार देते. म्हणजे युद्ध होते ते शरणार्थींसाठी. या कथेवर बोलताना लोक फुगा आणि ऊन आठवतात, हे कारण विसरतात. आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये राहतो. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित उतरवले गेले. १९४९ साली राजगोपालाचारींनी वसाहतीला उल्हासनगर नाव दिले, पण 'कॅम्प' हा शब्द आजही पत्त्यात आहे. सिंधी आजोबा-आजींच्या दुकानांतून वही-पेन्सिल घेणाऱ्या आमच्या मुली ही कथा ऐकतात, तेव्हा आश्रय म्हणजे काय हे त्यांना शब्दकोशात शोधावे लागत नाही. १९०५ सालच्या लेखिकेला १९४७ ठाऊक असणे शक्य नव्हते. तरी न्यायी राज्याची पहिली खूण म्हणून तिने आलेल्याला दार उघडणेच निवडले. आपल्या मते कथेतला सर्वांत दूरदर्शी शोध हाच.

कथेत उणिवा नाहीत असे नाही. पुरुषांना कोंडून न्याय कसा होईल, हा मुलांचा प्रश्न रास्त आहे. आरसा दाखवण्यासाठी केलेला हा उलटा खेळ आहे, कायमची व्यवस्था म्हणून तो मांडलेला नाही, असे उत्तर देता येते, पण ते पुरेसे नाही. भांडी कोण घासते, कपडे कोण धुते, याचा पत्ता कथेत नीट लागत नाही. लेखिका ज्या घरात वाढली तिथे ही कामे करणारे हात वेगळे होते. आणि आरामखुर्ची ही सगळ्यांच्या घरात नसते. जीन्सचे धागे कापून घर चालवणाऱ्या बाईला स्वप्न पाहायला बसायचे कुठे, हा आमच्या वस्तीचा प्रश्न आहे. दुर्गाबाईंच्या चित्रांनी ही उणीव थोडी भरून निघते, कारण तो हात कष्टकरी अंगणातून आला आहे. पण चित्र मजकुराच्या वतीने उत्तर देऊ शकत नाही.

मात्र लेखिका आरामखुर्चीत बसून राहिली नाही. १९०९ साली पती गेले, त्याच वर्षी भागलपूरला पाच मुलींची शाळा काढली. तिथे टिकता आले नाही, तर १९११ साली कलकत्त्याला आठ मुलींवर पुन्हा सुरुवात केली. बंगालीसाठी जन्मभर झगडलेल्या या बाईंच्या शाळेचे माध्यम सुरुवातीला उर्दू होते. महाराष्ट्रात राहून उर्दूत शिकवणाऱ्या आणि मराठीत लिहिणाऱ्या आम्हाला हा पेच घरचा वाटतो. भाषेचा वाद मिटेपर्यंत त्यांनी शाळा थांबवली नाही. १९३२ साली त्यांचे निधन झाले.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगायची आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी लेखन मुक्त होते. म्हणजे बेगम रुकैयांचा मजकूर आता कुणाच्याही मालकीचा नाही. कुणीही त्याचे उर्दू करावे, मराठी करावे, छापावे, वाटावे. दुर्गाबाईंची चित्रे त्यांची आहेत, त्यांना हात लावू नये. पण चित्रे काढायला आपल्या मुली आहेत. उल्हासनगरच्या मालाला 'मेड इन यूएसए' म्हणून लोक हसतात, यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असा तो जुना विनोद. नक्कल करणारे गाव म्हणून आमची बदनामी आहे. पण ज्यांना असली माल परवडत नव्हता त्यांच्या अंगावर या गावाने कपडा घातला, हेही खरे.

यंदा वर्गातल्या चित्रांतली काही निवडून, मजकूर सोप्या उर्दूत आणि समोरच्या पानावर मराठीत हाताने लिहून, झेरॉक्सच्या दुकानात आम्ही प्रती काढल्या. मध्ये दोन टाचण्या मारल्या. कागद पातळ आहे, काही पानांवर शाई फिकी आली आहे. संग्राहक याला हात लावणार नाही. त्यातली एक प्रत दुसऱ्याच आठवड्यात चहाचा डाग पडून परत आली. मुलगी घाबरली होती. घरी अम्मीने वाचता वाचता कप त्यावर ठेवला, असे तिने सांगितले. अम्मी वाचत होती! आम्ही ती प्रत ताराच्या पुस्तकाशेजारी कपाटात ठेवली. कुलूप आता लावत नाही.